पिंडरांची चावी

नर्सनं "पिंडर" असं पुकारलं आणि दोन माणसं उठली. मर्लीन उठली ती सवयीनं, पर्स काखेत मारून, डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे समोरचं सगळं पांढरं-पांढरं दिसत असताना; आणि समोरच्या रांगेतून एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा काठी टेकत उठला. नर्सनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, आणि म्हाताऱ्याकडे पाहून हसली. नुसती हसली, आणखी काही केलं नाही. पण ते हसू कुणाच्या बाजूनं पडलं हे कळायला डोळे चांगले असावे लागत नाहीत. "माझंच असणार गं पोरी, तू बस," म्हातारा म्हणाला, आणि त्यात दुष्टपणा नव्हता, उलट बसमध्ये जागा करून द्यावी तशी आस्था होती. मग नर्सनं चाचरत "मर्लीन पिंडर" म्हटलं, आणि म्हातारा खाली बसता बसता अगदी मोकळ्या आवाजात, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलला, "अरेच्चा! हे नाव तुला कुठून मिळालं?"

कुठून मिळालं? डॉक्टरनं हनुवटी पट्टीवर टेकवायला लावली, डोळ्यात उजेड सोडला, वर बघा म्हणाला, खाली बघा म्हणाला, आणि ती मुकाट्यानं वर-खाली बघत राहिली. पण आत ती उत्तरं जुळवत होती. तुम्हाला जिथून मिळालं तिथूनच. आईकडून. नॉटिंगहॅमच्या जनरल हॉस्पिटलमध्ये, जन्मले त्या दिवशी. चोरलं. प्रत्येक उत्तर तोंडाशी येऊन बेचव होत होतं, आणि ती त्या म्हाताऱ्यापेक्षा स्वतःवरच जास्त चिडत होती, कारण हाच प्रश्न गेल्या महिन्यात तिच्या पोटच्या पोरीनं विचारला होता. केझायानं विचारलं होतं तेव्हा तो प्रश्न नव्हताच, आरोप होता. इस्मे, मर्लीनची आई, हिवाळ्यात गेली. जमीन बसायला वेळ द्यावा लागतो म्हणून थडग्यावरचा दगड थांबला होता. आता पाथरवट म्हणत होता की सोमवारी अक्षरं कोरायला घेतो, काय कोरायचं ते तेवढं एकदा नक्की सांगा. मर्लीनला वाटलं होतं यात नक्की करण्यासारखं काय आहे? इस्मे पिंडर. पण गेल्या महिन्यात विषय निघताच केझाया स्वयंपाकघरात ताट बाजूला सारून म्हणाली होती, "आजीला ज्यानं विकत घेतलं त्याचा शिक्का तिच्या डोक्यावर कोरणार तू? गुरांवर मारतात तसा?" आजीला कुणी विकत घेतलं नव्हतं, आजीच्या आजीच्या आजीला घेतलं होतं, गुलाम म्हणून, पण पोरगी संतापली की मधल्या पिढ्या गाळते. तिनं स्वतःचं आडनाव केव्हाच टाकलं होतं. आता ती केझाया इस्मे होती. आजीचं नाव शेवटी लावायचं, तेही आजी जिवंत असताना, आणि आजी त्यावर नुसती हसली होती. ते हसू कसलं होतं हे मर्लीनला आजतागायत कळलं नव्हतं.

बाहेर आली तर म्हातारा तिच्यासाठी थांबलेला. कॅन्टीनमध्ये चहा घेऊ या म्हणाला. नाही म्हणावं असं ठरवून ती हो म्हणाली. त्याचं नाव विल्फ, राहणार स्केल्डरबी, ट्रेंट नदीच्या वरच्या अंगाला, आणि डोळे असे गेलेले की आता फक्त कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. म्हणून तो बोलताना मान वळवून, तिच्या कानाकडे बघत होता. "पिंडर म्हणजे काय ठाऊक आहे का तुला?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाटही पाहिली नाही. पिंडर म्हणजे कोंडवाड्याचा राखणदार. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरलं की पिंडरनं ते हाकत आणायचं, गावच्या दगडी कोंडवाड्यात घालायचं आणि कुलूप ठोकायचं. मालक येऊन हक्क सांगेपर्यंत दाणापाणी पिंडरनं बघायचं, पण दार कुणी म्हणजे कुणी उघडायचं नाही. "जमीनदाराचा घोडा कोंडला होता आमच्या पणजोबांनी," विल्फ म्हणाला, "स्वतः जमीनदार आला टोपी काढून. चावी ज्याच्या हातात, तो पिंडर. आणि पिंडरला कोण कोंडणार?" हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला की मर्लीनला त्याच्याबद्दल काहीतरी बरं वाटून गेलं आणि लगेच त्या बरं वाटण्याचा राग आला. मग तो म्हणाला की स्केल्डरबीचा कोंडवाडा अजून उभा आहे, चावी त्याच्याकडे आहे, ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी झाडून सारे पिंडर तिथे जमतात, कॅनडाहून येतात, ऑस्ट्रेलियाहून येतात. त्याला मूलबाळ नाही, चावी पुढे कुणाकडे जाणार याचा घोर आहे. "तू ये. छोटीशी रीत असते आमची, नवीन माणसासाठी. मजा येते. फोटो काढतात लोक."

"जाऊ नकोस," केझाया म्हणाली. "चहा पाजतील, केक देतील, आणि तुझा फोटो भिंतीवर लावतील, बघा आमच्याकडे ह्यासुद्धा आहेत म्हणून." मर्लीन शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य, साऱ्या शाळेच्या जेवणाला तिचा शब्द चालतो, आणि सुट्टीत तो शब्द चालवायला घरात कुणी सापडत नाही. "जाणार," ती म्हणाली. "दगडावर एखादी गोष्ट कायमची कोरायची तर ती कुठल्या गावची आहे ते बघून तरी घेते." "आणि तिथे जाऊन काय ठरवणार?" "ते तिथे गेल्यावर." पोरगी पाय आपटत खोलीत गेली, पण शनिवारी सकाळी गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन दारात तीच उभी. डोळ्यांत अजून रोज थेंब घालायचे आणि समोर धुकं, ही गत असताना आईला बसनं कोण सोडणार?

सगळ्या रस्त्यानं मर्लीनच्या मनात आईचा कोट घोळत राहिला. तपकिरी, जाड लोकरीचा. आई उष्ण समुद्रातल्या एल्युथेरा बेटावरून इकडे आली ती पातळ झग्यांवर, आणि पहिल्याच हिवाळ्यात चर्चच्या बायकांनी तिला वापरलेला कोट दिला. आईनं तो सबंध उसवला, कापड उलटवलं, विटलेली बाजू आत घातली, खांद्याला आपल्या मापाचा आकार दिला आणि बटणं बदलली. काही वर्षांनी चर्चच्या पायऱ्यांवर एक बाई तिच्या बाहीला हात लावून सगळ्यांदेखत म्हणाली, "हा माझा कोट ना?" आई थांबली. मर्लीन तेव्हा तिच्या कमरेएवढी, तिचं नाक त्या लोकरीत दबलेलं, कापूर आणि कोळशाच्या धुराचा वास. आई म्हणाली, "होता." एवढाच शब्द. पुढे ती तो कोट मरेपर्यंत घालत राहिली. तीच आई सायकलच्या कारखान्यात मुकादमानं "ए इझी" अशी हाक मारली की यंत्राकडे तोंड करून उभी राहायची, मागे सामान अडून राहिलं तरी वळायची नाही, मुकादम घसा ताणून लालेलाल झाला तरी नाही. "मिस पिंडर" म्हटलं की मग वळायची, आणि तेही हळू. घरी आल्यावर पाय गरम पाण्यात सोडून सांगायची आणि पोट धरून हसायची. आमच्या बेटावर दगड भिरकावला तर पिंडरलाच लागणार, म्हणायची. खाडीच्या अलीकडे काळे पिंडर, पलीकडे गोरे पिंडर, दोघांच्या स्मशानात तेच नाव, आणि पलीकडचे अलीकडच्यांना ओळख दाखवत नसत. मग आई, तू ते नाव एवढं छातीशी का धरलंस? हे विचारायचं राहिलं. आई असताना ते विचारण्यासारखं वाटलंच नव्हतं.

कोंडवाडा तिला वाटला होता त्याहून लहान निघाला. गावच्या हिरवळीच्या कोपऱ्यात, गोल, काळपट दगडांचा, छातीच्या वर जाणारी भिंत, एकच लोखंडी गजांचं फाटक. आत खाजकुयलीसारखी पानं आणि एक मेंढी, रंगवलेली शिंगं वगैरे काही नाही, नुसती कंटाळलेली मेंढी. बाहेर टेबलांवर अंड्याची सँडविचं, डुकराचं मांस भरलेले पॅटिस, फळांचा केक, चहाचं मोठं पिंप. विल्फची बहीण हिल्डा हिनं मर्लीनचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. जगातला प्रत्येक पिंडर कुठे आहे हे तिला पाठ. यॉर्कशायरमध्ये भरपूर, लिंकनशायरमध्ये दर गावात एखादं घर, आपल्या इथे मूठभर, ट्रेंटच्या खाली दक्षिणेकडे गेलं की औषधालासुद्धा नाही. "आणि मग मध्येच एकदम तुमच्या बेटांवर ढीगच्या ढीग!" ती म्हणाली. "आमच्यातला एक जण जहाजावर गेला होता म्हणतात. परत काही आला नाही. बघ ना, म्हणजे आपण नातलगच की गं!" केझाया शेजारी उभी होती. ती म्हणाली, "नात्यानंच गेला असेल तो आमच्याकडे," आणि हिल्डाला ते कळलं नाही, ती हसली. मर्लीननं पोरीचा दंड दाबला. दाबला तो गप्प कर म्हणून, की शाबास म्हणून, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मग विल्फनं काठी आपटली, सगळे फाटकाभोवती गोळा झाले, आणि त्यानं मर्लीनला कोपराला धरून आत नेऊन सोडलं. "इथे जन्मलेल्याला हे लागत नाही," तो तिच्या कानाकडे बघत म्हणाला, "बाहेरून पहिल्यांदा आलेल्याला लागतं. टोरांटोचा न्यायाधीशसुद्धा उभा राहिला होता. एक मिनिटाचं काम." त्याला तिचा मानच करायचा होता. हे तिला तेव्हाही दिसत होतं, स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच ती पाय रोवून नाही म्हणू शकली नाही. फाटक लागलं. कुलपात चावी फिरली. ऊन होतं पण भिंतीच्या आत गारवा होता; ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, शेवाळाचा वास. मेंढी तिच्या गुडघ्याला खेटून उभी राहिली. भिंतीवरून चेहरे दिसत होते, हसरे, तांबूस, प्रेमळ चेहरे, काहींच्या हातात फोन, एक बाई केक चघळतेय. आणि विल्फनं घसा साफ करून, जुन्या सराईत आवाजात विचारलं, "हे जनावर कुणाचं?"

मर्लीन मेंढीच्या पाठीत बोटं रुतवून उभी राहिली. हे आपण आधी ऐकलंय, असं तिला वाटलं. कानांनी नाही, त्याहून कुठल्यातरी जुन्या जागेनं. कुणीतरी अशीच उभी होती, जिचं नाव आई सांगू शकली नाही आणि आईची आईही सांगू शकली नाही, धक्क्यावर किंवा कुणाच्या परसात, गुडघ्याला कुणीतरी खेटलेलं, आणि वरून कुणीतरी विचारलं होतं, कुणाची ही? मोठ्यानं, पण रागानं नाही. कामाचा भाग म्हणून. आणि उत्तर आलं होतं, पिंडरची. बस, तेवढंच. नाव मिळालं ते तिथे. म्हातारा दवाखान्यात विचारत होता ते हेच, आणि त्याचं उत्तर त्याच्याच तोंडात होतं, दरवर्षी ऑगस्टात तो ते सणासारखं काढून सगळ्यांना दाखवत होता. तिला संताप आला, असा संताप की डोळ्यांपुढचं धुकं साफ झालं आणि भिंतीतला एकेक दगड वेगळा दिसू लागला.

"आमचं!" हिल्डा आनंदानं ओरडली, "आमचं आहे हे!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विल्फनं कुलूप काढलं, फाटक उघडलं. मर्लीन जागची हलली नाही.

"ये ना बाहेर," विल्फ म्हणाला. "झालं."

"लावा ते दार," मर्लीन म्हणाली.

"काय?"

"दार लावा, कुलूप घाला. त्या उत्तरावर मी बाहेर येणार नाही."

टाळ्या कुठेतरी मध्येच अडकल्या. विल्फनं गोंधळून खरोखरच फाटक ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. आयुष्यभराची सवय, कुणी लाव म्हटलं की हात आपोआप लावतो. "अगं पण कुणीतरी हक्क सांगायलाच हवा," तो म्हणाला. "रीत आहे. त्याशिवाय मला उघडता येत नाही."

"मी सांगते!" केझाया गर्दी बाजूला सारून फाटकाशी आली, गज दोन्ही हातांनी धरले. "ती माझी आई आहे. माझी. ऐकलंत? उघडा आता."

"पण तू पिंडर ना बाळा?" हिल्डानं विचारलं.

"नाही."

"मग कसं चालेल गं? पिंडरच लागतो."

केझायाचा चेहरा मर्लीनला गजांमधून दिसत होता. लहानपणी ताप चढला की तिचा खालचा ओठ असा आत जायचा. आत्ताही गेला होता. ती तोंड उघडत होती, आणि काय म्हणणार हे मर्लीनला तिच्याआधी कळलं. "केझाया!" ती कडाडली, शाळेच्या भटारखान्यात ज्या आवाजानं भांडी घासायची थांबतात त्या आवाजात. "माझ्यासाठी म्हणून तो शब्द तोंडातून काढलास तर याद राख. नाहीस ना तू पिंडर? मग नाहीस. मान खाली घालू नकोस." पोरगी मागे सरली, पण गज तिनं सोडले नाहीत.

"विल्फ," मर्लीन फाटकापाशी जाऊन म्हणाली, आता आवाज खाली आणून, "दवाखान्यात तुम्ही काय म्हणालात मला? चावी ज्याच्या हातात, तो पिंडर. आणि पिंडरला कोण कोंडणार, म्हणालात."

"म्हणालो होतो."

"मग मी पिंडर आहे की जनावर आहे, ते ठरवा. जनावर असेन तर ही मंडळी खुशाल आमचं-आमचं म्हणोत, मी इथेच बसते, तुम्ही रीतीप्रमाणे दाणापाणी बघा. आणि पिंडर असेन तर चावी इकडे द्या."

तिनं गजांमधून हात बाहेर काढला. कुणीतरी मागून "अहो, गंमत असते ती," असं काहीसं म्हणालं, आणि त्याला कुणी साथ दिली नाही. विल्फ मान वळवून तिच्या हाताकडे बघत होता, कडेच्या नजरेनं. मग त्यानं ती जड लोखंडी चावी तिच्या तळव्यावर ठेवली. आतून हात वाकडा करून कुलूप उघडताना मर्लीनचं मनगट गजावर खरचटलं. फाटक उघडताच आधी मेंढी बाहेर सुटली, सँडविचांच्या टेबलाखालून हिरवळीवर गेली आणि चरायला लागली. तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

"आता तुम्ही आत या," मर्लीन म्हणाली.

"मी? मी इथलाच—"

"तुम्ही कधी आत उभे राहिला नाहीत, म्हणूनच या."

विल्फ आत गेला. भिंतीला हात लावत, काठी पुढे घालत, जिथे ती उभी होती तिथे जाऊन उभा राहिला. तिनं फाटक ओढलं, कुलूप लावलं आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच ठेक्यात विचारलं, "हे जनावर कुणाचं?" हिल्डानं तोंड उघडलं. मर्लीननं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते बंद झालं. हिरवळीवर कुणी चहा पीत नव्हतं. आत म्हातारा वर बघत होता, भिंतीच्या काठाकडे, आणि त्याचे ते अर्धे डोळे कुणालाच शोधू शकत नव्हते. तिला त्याची कीव आली. पण तिनं ती येऊ दिली आणि चावी फिरवली नाही.

"बाहेरून एवढी उंच वाटत नाही ही भिंत," विल्फ शेवटी म्हणाला. मग दगडांवर हात फिरवत, "हे असं ऐकू येतं होय आतून."

"असंच. तुम्ही विचारलं होतं ना, नाव कुठून मिळालं? इथून मिळालं. असंच कुणीतरी विचारलं, आणि असंच कुणीतरी तिच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं."

मग तिनं कुलूप काढलं आणि त्याला हात देऊन बाहेर आणलं, कारण उंबऱ्याचा दगड वर आला होता आणि तो त्याला दिसला नसता. तो बाकावर बसला, हातातली काठी गुडघ्यांमध्ये धरून. हिल्डाला आता रडू फुटत होतं, आणि रडणाऱ्या माणसाला शेवटी काहीतरी धरून ठेवायला लागतं तसं ती मर्लीनच्या मुठीकडे हात करून म्हणाली, "ती दे. ती चावी आमची आहे."

"होती," मर्लीन म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि तिला कापूर आणि कोळशाच्या धुराचा वास आला. हिल्डा भावाकडे वळली. विल्फ तिकडे न बघताच म्हणाला, "राहू दे तिच्याकडे. मला कुलूपसुद्धा हातानं चाचपावं लागतं. मी कुणालातरी शोधतच होतो."

दोघी गाडीतून परत निघाल्या. चावी पर्समध्ये मावत नव्हती, मर्लीननं ती मांडीवर घेतली होती. केझायानं खरचटलेलं मनगट पाहिलं आणि एका हातानं गाडीच्या कप्प्यातून रुमाल काढून दिला. "आता तरी टाकशील ना ते नाव?" ती म्हणाली.

"टाकू? आत्ता कुठे हातात आलंय."

"आई, त्यांनी तुला मेंढीसोबत उभं केलं."

"हो. आणि मीच दार उघडून बाहेर आले. तुझ्या आजीनं काही वेगळं केलं का आयुष्यभर? तो मुकादम मिस पिंडर म्हणेपर्यंत वळायची नाही ती. त्यानं दिलं होतं का ते नाव तिला? तिनं त्याच्या तोंडून काढून घेतलं. रोज घेतलं. तेवढी मेहनत करून कमावलेली वस्तू मी त्यांना परत देऊ, त्यांचीच होती म्हणून?"

"आणि मी?"

"तू टाकलंस तेही बरोबर केलंस. तुला कुणी विचारलं कुणाची, तर आजीचं नाव सांग. तीही हसली होती ना तेव्हा? मला वाटायचं, तिला वाईट वाटलं असेल." मर्लीन थांबली. डोळ्यांना पाणी येत होतं आणि यात थेंबांचा काही संबंध नव्हता. "तिला मजा वाटली होती गं. एकीनं नाव घट्ट धरलं, दुसरीनं फेकलं, आणि दोन्ही वेळा त्या नाववाल्यांना कुणी विचारायला गेलं नाही."

शहराच्या वेशीवर तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पाथरवटाला फोन केला. शनिवार असूनही त्यानं उचलला. मागे छिन्नीचा आवाज चालू होता. तो म्हणाला, जागा तशी कमी आहे, नुसतं इस्मे घातलं तर अक्षरं मोठी येतील, दोन्ही घातलं तर बारीक करावी लागतील. मर्लीननं केझायाकडे पाहिलं. केझाया समोरच्या रस्त्याकडे बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि तिनं खांदे किंचित उडवले.

"दोन्ही घाला," मर्लीन फोनमध्ये म्हणाली. "इस्मे पिंडर. आणि बारीक नको. दगड मोठा घ्या."